पक्षाची बाजू आणि सत्याची बाजू

मनुष्य एकदां एका पक्षास मिळाला म्हणजे त्या पक्षाचे दोष त्यास तिळाएवढे दिसूं लागतात आणि दुसऱ्या पक्षाचे दोष डोंगराएवढे दिसूं लागतात, हा अनुभव सर्व देशांत व सर्व काळीं सारखाच आहे. साधारण दिवसांत ह्या दृष्टिदोषानें फारसें नुकसान होत नाहीं. परंतु राष्ट्रावर मोठें संकट आलें असतां, आणि त्याच वेळीं राष्ट्राचा मुख्य कारभारी निवडावयाचा असतां, हाच दोष किती घातक होतो हें पाहावयाचें असेल, तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत इ. स. २००८ च्या सप्टेंबर व आक्टोबर महिन्यांत जें घडलें त्याकडे पाहावें. त्या हकीकतीवरून एक प्रश्न उपस्थित होतो, तो हा: पक्षनिष्ठा व सत्यनिष्ठा ह्यांचा विरोध आला असतां सज्जन मनुष्यानें काय करावें? ह्या प्रश्नाचा आम्ही आज वाचकांबरोबर विचार करूं इच्छितों.

प्रथम संकट कसें आलें तें सांगितलें पाहिजे. अमेरिकेंत घर घ्यावयाचें असल्यास बहुतेक लोक तें घरच गहाण ठेवून कर्ज काढतात आणि पुष्कळ वर्षें हप्त्यांनीं तें फेडीत राहतात. इ. स. २००० नंतरच्या कांहीं वर्षांत घरांच्या किंमती एकसारख्या चढत गेल्या. किंमत चढतच राहणार, अशा समजुतीनें, ज्यांची फेडण्याची ऐपत नव्हती अशांसही कर्जें देण्यांत आलीं. पुष्कळ कर्जांत आरंभीं हप्ता हलका असे व पुढें तो एकदम वाढे. कित्येक ठिकाणीं कर्जदारानें आपलें उत्पन्न किती सांगितलें तें कोणी तपासूनही पाहत नसे. आपल्याकडील गांवचा सावकार पैसा देतो तेव्हां तो बुडाला तर सावकाराचाच बुडतो, म्हणून तो कुळाची ऐपत पाहतो. तेथें तसें राहिलें नव्हतें. कर्ज देणारा तो कागद लगेच दुसऱ्यास विकून मोकळा होई. विकत घेणारा असे हजारों कागद एकत्र बांधून त्यांचे रोखे करी व ते देशोदेशींच्या पेढ्यांस विकी. आणि रोख्यांची प्रत ठरविणाऱ्या कंपन्या त्यांपैकीं पुष्कळांस उत्तमोत्तम असा दाखला देत. अशा रीतीनें धोका कोणाच्या गळ्यांत बांधला आहे हें कोणासच कळेनासें झालें.

इ. स. २००६ नंतर घरांच्या किंमती उतरूं लागल्या, आणि ही सर्व रचना ढासळूं लागली. मार्च २००८ मध्यें बेअर स्टर्न्स ही पेढी, फेडरल रिझर्व्ह ह्या मध्यवर्ती बँकेच्या मदतीनें, दुसऱ्या एका बँकेच्या पदरांत घालावी लागली. ता. ७ सप्टेंबर रोजीं फॅनी मे व फ्रेडी मॅक ह्या गृहकर्जांच्या दोन प्रचंड संस्था सरकारनें आपल्या ताब्यांत घेतल्या. ता. १५ सप्टेंबर रोजीं, इ. स. १८५० पासून चालत आलेली लेहमन ब्रदर्स ही पेढी दिवाळ्यांत निघाली; तिच्या वह्यांत ६०,००० कोटी डॉलरांहून अधिक मालमत्ता मांडलेली होती. दुसऱ्याच दिवशीं ए. आय. जी. ह्या विमा कंपनीस तारण्यासाठीं ८,५०० कोटी डॉलरांचें कर्ज देणें भाग पडलें. ह्याची झळ आपल्या देशासही लागली. मुंबईच्या शेअरबाजाराचा जो निर्देशांक जानेवारी २००८ मध्यें २१,००० च्या घरांत गेला होता, तो आक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यांत ९,००० च्याही खालीं उतरला.

राष्ट्राध्यक्षाची निवडणूक ता. ४ नोव्हेंबर रोजीं, म्हणजे लेहमन बुडाल्यापासून अवघ्या सात आठवड्यांवर होती. रिपब्लिकन पक्षातर्फे जॉन मकेन व डेमोक्रॅटिक पक्षातर्फे बराक ओबामा उभे होते. त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश हे रिपब्लिकन होते, आणि कायदेमंडळाच्या दोन्ही सभांचा कारभार डेमोक्रॅटिक पक्षाच्या हातीं होता. म्हणजे घर पेटलें तेव्हां दोन्ही पक्ष घरांतच होते. असें असतां, आग कोणी लावली ह्याचा वाद आग विझविण्याच्या कामाहून मोठ्यानें ऐकूं येऊं लागला.

पक्ष असणें हेंच मुळीं वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. जेथें राज्य लोकांच्या मतानें चालतें तेथें समान मतांचे लोक एकत्र येऊन पक्ष करणारच. सरकारनें व्यापारास किती लगाम घालावा, कर कोणावर किती बसवावा, गरिबास किती हात द्यावा, ह्या प्रश्नांवर प्रामाणिक माणसांतही खरा मतभेद असतो. पक्ष हा गाडीचा बैल आहे. त्यानें गाडी ओढावी. परंतु कोणत्या वाटेनें जावयाचें तें बैल ठरवूं लागला म्हणजे गाडी खड्ड्यांत जाते. त्या दोन महिन्यांत हा अनर्थ निरनिराळ्या रूपांनीं दिसून आला.

पहिलें रूप असें कीं, विरोधकाचें वाक्य अर्धें तोडून घ्यावें व तेवढेंच लोकांपुढें नाचवावें. लेहमन बुडाल्याच्याच दिवशीं मकेन ह्यांनीं फ्लॉरिडांतील जॅक्सनव्हिल येथें भाषण केलें. बाजारांत मोठी खळबळ उडाली आहे, काळ फार कठीण आहे, असें ते बोलले. आणि त्याबरोबरच देशाच्या अर्थव्यवहाराचा पाया मजबूत आहे असेंही बोलले. प्रतिपक्षानें पायाचें वाक्य तेवढें उचललें आणि ह्या गृहस्थास देशांत काय चाललें आहे ह्याचा पत्ताच नाहीं असा डंका पिटला. आतां, त्या दिवशीं पाया मजबूत म्हणणें हें शहाणपणाचें नव्हतें, व त्यावर टीका करण्यास पूर्ण जागा होती; परंतु तीं दोन वाक्यें एकत्र ऐकवून टीका करावयास हवी होती. दुसऱ्या बाजूनेंही हेंच केलें. त्याच महिन्यांत ओबामा ह्यांनीं प्रतिपक्षाच्या धोरणाविषयीं बोलतांना, डुकराच्या ओठांस लाली लावली तरी तें डुकरच राहतें, अशी तिकडील एक रूढ म्हण वापरली. ताबडतोब रिपब्लिकन प्रचारकांनीं ओरड केली कीं हा आमच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सेरा पेलिन बाईंचा अपमान आहे. वस्तुतः तीच म्हण मकेन ह्यांनीं स्वतः पूर्वीं दुसऱ्या एका योजनेविषयीं वापरलेली होती. शब्द तेच, आपल्या तोंडीं म्हण, दुसऱ्याच्या तोंडीं शिवी!

दुसरें रूप असें कीं, अनेक कारणांनीं आलेल्या अरिष्टाचा सगळा दोष एकाच माथ्यावर ठेवावा. पुष्कळ रिपब्लिकन म्हणूं लागले कीं, गरीब वस्त्यांतील लोकांसही बँकांनीं कर्ज द्यावें असा जो इ. स. १९७७ चा कायदा आहे, त्यानेंच सर्व नाश केला. परंतु त्या जोखमीच्या कर्जांचा फार मोठा भाग ज्यांस तो कायदा लागूच नव्हता अशा कंपन्यांनीं दिलेला होता. पुष्कळ डेमोक्रॅट म्हणूं लागले कीं, रिपब्लिकनांनीं इ. स. १९९९ मध्यें बँका व शेअरांच्या पेढ्या ह्यांमधील जुनी भिंत पाडली, तेथूनच हें उद्भवलें. परंतु तो कायदा सीनेटांत ९० विरुद्ध ८ मतांनीं पसार झाला होता, व त्यावर सही करणारे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन हे डेमोक्रॅटिक पक्षाचेच होते. फॅनी मे व फ्रेडी मॅक ह्यांवर कडक देखरेख असावी अशी सूचना पूर्वीं आली असतां डेमोक्रॅटिक पक्षांतील कांहीं वजनदार पुढाऱ्यांनीं त्याची निकड नाहीं असें म्हटलें होतें. आणि बुश ह्यांच्या सरकारच्या डोळ्यांदेखत वर्षानुवर्षें खोट्या उत्पन्नावर कर्जें दिलीं जात होतीं. हीं सर्व वाक्यें खरीं आहेत. परंतु सभेंत उभा राहून हीं सर्व सांगणारा मनुष्य कोणत्याच पक्षास नको होता.

ह्या खोट्या वाटणीनें कोणाचें नुकसान झालें? उमेदवारांचें फार थोडें. ज्यांचीं घरें लिलावांत निघालीं, जे कामावरून कमी झाले, त्यांचें खरें नुकसान झालें. आक्टोबर २००९ मध्यें अमेरिकेंत काम मागणाऱ्या दर शंभरांपैकीं दहा जण बेकार होते. रोग्याच्या उशाशीं दोन वैद्य आले आणि रोग तुझ्याच औषधानें झाला असें एकमेकांस म्हणूं लागले, तर रोग्याची नाडी कोण पाहणार? शिवाय निदान चुकलें म्हणजे औषधही चुकतें. गरिबास कर्ज दिलें हेंच पाप, असें एकदां ठरलें कीं ज्यानें गरिबास फसवून कर्ज दिलें तो निसटतो. आणि सर्व पाप धनवानांच्या पेढ्यांचें, असें ठरलें कीं आपली ऐपत न पाहतां दुसरें तिसरें घर घेणारा निर्दोष ठरतो.

तिसरें रूप ता. २९ सप्टेंबर रोजीं दिसलें. बुडत्या पेढ्यांस सांवरण्यासाठीं ७०,००० कोटी डॉलरांपर्यंत रक्कम खर्च करण्याचा अधिकार सरकारास द्यावा, असें विधेयक प्रतिनिधिसभेपुढें आलें. तें २०५ विरुद्ध २२८ मतांनीं फेटाळलें गेलें. त्या एका दिवशीं न्यूयॉर्कच्या बाजाराचा निर्देशांक ७७७ अंकांनीं घसरला. विरुद्ध मत देणाऱ्यांत १३३ रिपब्लिकन व ९५ डेमोक्रॅट होते, आणि त्यांपैकीं कित्येकांचें कारण प्रामाणिक होतें: चैनींत राहिलेल्या पेढीवाल्यांच्या चुकीचा भुर्दंड कष्टकऱ्यानें कां भरावा? हा प्रश्न खोटा नव्हता. परंतु मतदानानंतर रिपब्लिकन पुढाऱ्यांनीं जें कारण पुढें केलें तें निराळेंच होतें. सभापति नॅन्सी पेलोसी ह्यांनीं मतदानापूर्वीं बुश सरकारास दोष देणारें पक्षपाती भाषण केलें, त्यामुळें आमचीं कांहीं मतें फिरलीं, असें ते म्हणाले. आम्हांस येथें दोन्हीकडे दोष दिसतो. ज्या कामास विरोधकाचाही हात हवा आहे, त्या कामाच्या ऐन वेळीं त्यास टोमणा मारणें हें अविचाराचें आहे. आणि जें विधेयक राष्ट्रास आवश्यक आहे असें मनास पटलें आहे, तें एका टोमण्यासाठीं बुडूं देणें हें त्याहून अविचाराचें आहे. शेवटीं ता. १ आक्टोबर रोजीं सीनेटानें सुधारलेलें विधेयक ७४ विरुद्ध २५ मतांनीं मान्य केलें. ओबामा व मकेन ह्या दोघांनींही त्यास अनुकूल मत दिलें. ता. ३ रोजीं प्रतिनिधिसभेनें तें २६३ विरुद्ध १७१ मतांनीं पसार केलें. सभांतून एकमेकांस नांवें ठेवणारे दोघे उमेदवार मत देतांना एका बाजूस होते, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

सर्वांत सूक्ष्म व म्हणून सर्वांत वाईट रूप आमच्या मतें निराळेंच आहे. तें म्हणजे वाईट बातमीनें मनांत होणारा आनंद. बाजार पडला, आतां त्यांचीं मतें घटतील. बाजार सांवरला, अरेरे, आतां त्यांचा जोर वाढेल! ज्याच्या मनांत असा विचार येतो त्यास तो कोणी शिकविलेला नसतो, आणि तो उघड बोलूनही दाखवीत नाहीं. परंतु शेजाऱ्याच्या घराची राख झाली तरी चालेल, माझें भाकीत खरें ठरो, अशी इच्छा ज्याच्या अंतःकरणांत बसली, त्याची नीति आंतून किडली असें आम्ही समजतों. पक्ष राष्ट्रासाठीं आहे असें म्हणणारा मनुष्य येथें राष्ट्रालाच पक्षासाठीं बळी देण्यास तयार होतो.

हें निव्वळ कल्पनेनें लिहीत नाहीं. ह्याहूनही मोठ्या मंदीच्या काळीं अमेरिकेनें ह्याचें फळ चाखलें होतें. नोव्हेंबर १९३२ मध्यें राष्ट्राध्यक्ष हूव्हर ह्यांचा पराभव झाला, पण नवे अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांच्या हातीं कारभार ४ मार्च १९३३ पर्यंत यावयाचा नव्हता. त्या चार महिन्यांत बँकांवर धाडी पडल्याप्रमाणें ठेवीदारांची गर्दी झाली, आणि राज्यांमागून राज्यांत बँका बंद कराव्या लागल्या. हूव्हर ह्यांनीं सहकार्य मागितलें, पण तें आपल्या धोरणास बांधून घेणारें मागितलें. रूझवेल्ट ह्यांनीं बांधून घेण्यास नकार दिला. दोघांचेंही म्हणणें त्यांच्या त्यांच्या दृष्टीनें समजण्याजोगें होतें, आणि दोघांच्या मध्यें लोकांच्या ठेवी मात्र बुडाल्या. ह्याच्या उलट जानेवारी २००९ मध्यें, ओबामा ह्यांच्या विनंतीवरून, बुश ह्यांनीं आपल्या कारकीर्दीच्या शेवटच्या दिवसांत उरलेल्या अर्ध्या रकमेची मागणी कायदेमंडळाकडे केली. त्याचें श्रेय बुश ह्यांस मिळणार नव्हतें. तरी तें त्यांनीं केलें.

येथें कोणी वाचक विचारील: तर मग दोन्ही पक्ष सारखेच दोषी समजून स्वस्थ बसावें काय? आमचें उत्तर असें कीं, नाहीं. निःपक्षपात म्हणजे दोष अर्धा अर्धा वांटणें नव्हे. तराजूच्या दोन्ही पारड्यांत आधींच सारखें वजन टाकणारा वाणी न्यायी नसतो. जें असेल तें वजन दाखवूं देणारा न्यायी असतो. कांहीं बाबतींत एक पक्ष अधिक चुकलेला असेल, आणि तसें दिसल्यास तसें स्पष्ट म्हणावें. एवढेंच कीं, निकाल वजन केल्यावर द्यावा, आधीं नव्हे.

असें करणारीं माणसें त्या गदारोळांतही होतीं. ता. १० आक्टोबर २००८ रोजीं मिनेसोटांतील लेकव्हिल येथें मकेन ह्यांच्याच सभेंत एक बाई उठून म्हणाल्या कीं, ओबामांवर आपला विश्वास नाहीं, ते अरब आहेत. मकेन ह्यांनीं त्यांच्या हातांतून ध्वनिक्षेपक घेतला, आणि ओबामा हे सभ्य व कुटुंबवत्सल गृहस्थ आहेत, मूलभूत प्रश्नांवर त्यांचा व आपला मतभेद आहे इतकेंच, असें सांगितलें. त्याच सभेंत, ओबामा अध्यक्ष झाले तर भिण्याचें कारण नाहीं असेंही ते म्हणाले, तेव्हां त्यांच्याच अनुयायांनीं नापसंतीचा गलका केला. मतें मिळवावयाच्या दिवसांत आपल्याच लोकांचा रोष ओढवून घेणें सोपें नव्हे. तथापि त्या उत्तरांतही एक उणीव राहिली होती, कारण अरब असणें व सभ्य असणें ह्या दोन गोष्टी परस्परविरुद्ध आहेत काय? ही उणीव कॉलिन पॉवेल ह्यांनीं भरून काढली. ते रिपब्लिकन असून बुश ह्यांचे माजी परराष्ट्रमंत्री होते. ता. १९ आक्टोबर रोजीं त्यांनीं ओबामांस पाठिंबा जाहीर केला, आणि म्हणाले कीं, ओबामा मुसलमान आहेत काय, ह्याचें उत्तर ते ख्रिस्ती आहेत असें आहे. परंतु खरें उत्तर असें कीं, मुसलमान असते तरी काय बिघडलें असतें? आपल्या पक्षास न रुचणारें सत्य बोलावें तें असें.

धर्ममंडळ्याही ह्या ओढाताणींतून सुटल्या नाहींत. ओबामा ज्या शिकागोच्या मंडळीचे सभासद होते तेथील पाळक जेरेमाया राइट ह्यांच्या जुन्या उपदेशांतील तुकडे काढून ते देशभर दाखविले गेले. मकेन ह्यांस पाठिंबा देणारे टेक्ससचे उपदेशक जॉन हेगी ह्यांच्या उपदेशाचेंही तेंच झालें. मे २००८ मध्यें मकेन ह्यांनीं हेगी ह्यांचा पाठिंबा नाकारला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ओबामा ह्यांनीं आपली मंडळी सोडली. ती मंडळी ज्या संघांतील आहे त्याच्या पूर्वजांत काँग्रिगेशनल मंडळ्या होत्या, आणि इ. स. १८१३ मध्यें मुंबईस अमेरिकन मराठी मिशनचें काम सुरू करणारे मिशनरीही त्याच मंडळ्यांतून आले होते. म्हणून ही गोष्ट आमच्या वाचकांस अगदीं परकी वाटूं नये. उपदेशपीठावरून न्यायाविषयीं बोलणें कर्तव्य आहे. परंतु उपदेशक कोणा उमेदवाराचा भालदार झाला कीं लोक त्याच्या उपदेशांत मतांचा हिशेब शोधूं लागतात.

निवडणूक झाली, ओबामा ह्यांस ३६५ व मकेन ह्यांस १७३ निर्वाचकांचीं मतें मिळालीं. त्या रात्रीं पराभव कबूल करितांना मकेन ह्यांनीं आपल्या लोकांचा निषेधाचा गलका थांबविला. परंतु वाद थांबला नाहीं. संकटाचीं कारणें शोधण्यासाठीं इ. स. २००९ मध्यें दहा जणांचें चौकशी मंडळ नेमलें गेलें. सहा डेमोक्रॅटिक पुढाऱ्यांनीं नेमलेले, चार रिपब्लिकन पुढाऱ्यांनीं नेमलेले. जानेवारी २०११ मध्यें अहवाल निघाला तो सहांच्या सहीनें. उरलेल्या चौघांनीं आपलीं मतें वेगळीं लिहिलीं. सहस्रावधि कागद एकत्र वाचूनही फांटा पक्षाच्याच रेषेवर फुटला! तथापि त्यांतही एक आशेचें चिन्ह आहे. त्या चौघांपैकीं तिघांनीं मिळून जें मत लिहिलें, त्यांत १९७७ चा कायदा हें संकटाचें महत्त्वाचें कारण नव्हे असें म्हटलें, आणि १९९९ मध्यें पाडलेली भिंत हेंही महत्त्वाचें कारण नव्हे असें म्हटलें. म्हणजे निवडणुकींत दोन्ही पक्षांनीं घोषणांसारखीं वापरलेलीं दोन्ही कारणें, शांतपणें पाहतां, त्यांस टिकाऊ दिसलीं नाहींत. आणि पहिल्या कारणापुरतें बहुमताचें मतही तसेंच होतें.

ह्यावरून आम्हीं काय घ्यावें? अमेरिका दूर आहे. पण गांवच्या सोसायटीचें कर्ज थकलें, पाझर तलाव फुटला, किंवा नळाची योजना अर्धी राहिली, म्हणजे दोन पॅनेलांत जो कलह लागतो तो ह्याच जातीचा असतो. पुष्कळ खेड्यांत वर्तमानपत्र वाचून दाखविणारा, अथवा दूरची बातमी समजावून सांगणारा, आमच्या वाचकांपैकींच कोणी असतो. त्याच्या तोंडून निघालेलें अर्धें वाक्य दहा घरीं पूर्ण सत्य म्हणून जातें. म्हणून त्यानें तीन गोष्टी पाळाव्या असें आम्हांस वाटतें. विरोधकाचें म्हणणें सांगावयाचें झाल्यास, तो स्वतः समोर बसला असतां होय, हेंच मी म्हटलें, असें म्हणेल, अशा शब्दांत सांगावें. कोणावर दोष ठेवण्यापूर्वीं, हेंच कृत्य माझ्या पक्षाच्या माणसानें केलें असतें तर मी काय बोललों असतों, हें मनास विचारावें. आणि विरोधकाविषयींची वाईट बातमी खोटी निघाली असतां आपणांस समाधान वाटतें कीं हिरमोड होतो, हें तपासून पाहावें. पहिल्या दोन गोष्टींत मनुष्य इतरांस फसवूं शकतो. तिसरींत त्याचा त्यासच जबाब द्यावा लागतो.

आमच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस असें दिसतें. पक्षास आपलें मत द्यावें, श्रम द्यावे, पैसाही द्यावा. साक्ष मात्र सत्याचीच द्यावी, आणि आपल्या पक्षाची चूक प्रथम आपल्याच पक्षांत बसून सांगावी. असें करणाऱ्यास दोन्हीकडून बोल लागतील. तरी ज्या गांवांत अशीं दोन-चार माणसें असतात, तेथें संकटाच्या वेळीं विहिरीवर कोणी तरी दोर घेऊन पोंहोचतो.